दोन थेरपिस्ट झाले, आता तिसरा शोधू का?

पत्र थोडक्यात असं: वय ३४. तीन वर्षांपूर्वी रात्री ही गाडी चालवत होती, शेजारच्या सीटवर जवळची मैत्रीण. समोरून चुकीच्या बाजूने ट्रक आला, मैत्रीण जागीच गेली, ही वाचली. हिची चूक नव्हती हे तपासात स्पष्ट झालं. पण तेव्हापासून पुढच्या सीटवर बसवत नाही, जोरात ब्रेक लागल्याचा आवाज आला की अंग थिजतं, आठवड्यातून तीन-चार रात्री तेच स्वप्न, आणि मैत्रिणीच्या आईचा फोन आला तर उचलत नाही. दोन थेरपिस्ट करून झाले. पहिल्या बाई खूप प्रेमाने ऐकायच्या, सहा महिने गेली, फरक शून्य. दुसऱ्याने पहिल्याच भेटीत डोळे मिटायला लावून सगळा अपघात सांगायला लावला, ही थरथरत घरी आली, पुढचे दहा दिवस झोप नाही, परत गेली नाही. आता नवरा म्हणतो अजून एकदा बघू, हिला वाटतं की आपणच बरे न होणाऱ्यातले आहोत. विचारतेय, तिसरा शोधू का, आणि शोधायचा तर ज्याने स्वतः असं काही भोगलंय असाच शोधू का? शेवटी एक ओळ, की अपघाताची तारीख दोन महिन्यांवर आलीये.

पत्रात मला ताई म्हणालीस म्हणून मीही सरळ अगंतुगं करतेय, चालेल ना.

सगळ्यात आधी एक विचारते आणि सरळच विचारते. 'तिच्या जागी मी गेले असते तर सगळ्यांचंच बरं झालं असतं' असं तू लिहिलंयस. अपघातातून वाचलेल्या बऱ्याच जणांच्या मनात हे वाक्य असतं, त्यामुळे मी दचकले नाही. पण हे वाक्य कधी 'आता जगूच नये', 'काहीतरी करून टाकावं' इथपर्यंत जातं का? जात असेल तर हे पुढचं सगळं बाजूला ठेव, थेरपिस्ट शोधण्यात आठवडे जातात आणि तेवढं थांबायचं नाही. आज नवऱ्याला सांग, तुझ्या भागातल्या आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनला फोन कर, आणि फारच जवळ आलेलं वाटलं तर सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. तिथे 'मला भीती वाटतेय की मी स्वतःला काही करेन' एवढं एक वाक्य पुरतं, बाकी काही समजावून सांगावं लागत नाही.

तसं नसेल तर पुढे वाच.

'दोघांनाही जमलं नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी आहे', हे तुझं वाक्य मला पटलं नाही. दोघांनी नक्की काय केलं ते तूच लिहिलंयस की. पहिल्या बाईंकडे दर आठवड्याला 'कसा गेला आठवडा' पासून सुरुवात, मग ऑफिस, मग घर, आणि अपघाताचा विषय जवळ आला की त्या म्हणायच्या तुझी तयारी झाली की बोलू. सहा महिन्यांत तयारी काही झाली नाही, कारण ती कशी होते हे कोणी सांगितलंच नाही. म्हणजे तू टाळत होतीस आणि त्या तुला टाळायला सोबत करत होत्या, अगदी चांगल्या मनाने. आता गंमत बघ, टाळणं हे पीटीएसडीचं, म्हणजे जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर मनाला जडणाऱ्या आजाराचं, लक्षणच आहे. डॉक्टर लोक निदान करताना जे चार गठ्ठे बघतात ना, नको असताना परत परत आठवणं, टाळणं, स्वतःबद्दल आणि जगाबद्दल मन काळवंडणं, आणि अंग सतत सावध राहणं, हे महिन्याहून जास्त टिकलं आणि त्याने रोजचं जगणं अडायला लागलं की पीटीएसडी म्हणतात, त्यातला हा एक आख्खा गठ्ठा आहे. त्यामुळे थेरपिस्टचा नंबर सेव्ह करून चार महिने फोन न करणं हा आळस नाही बरं का. आजारच तुझ्या वतीने ठरवत असतो.

दुसऱ्या माणसाची गोष्ट जरा वेगळी आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते, कारण तुझा पक्का समज झालाय की 'ती पद्धत' तुला चालत नाही. खरं म्हणजे डोळे मिटून ती आठवण तोंडाने सांगणं ही खरीखुरी उपचारपद्धत आहे, प्रोलाँग्ड एक्स्पोजर म्हणतात, एड्ना फोआ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ती उभी केली, आणि पीटीएसडीवर तिचा सगळ्यात जास्त अभ्यास झालेल्यांमध्ये नंबर लागतो. पण त्यात आठवण सांगायला सुरुवात साधारण तिसऱ्या सेशनला होते! आधीच्या दोन सेशनमध्ये हे का करायचं ते समजावतात, श्वासाचा एक व्यायाम शिकवतात, तुझी माहिती घेतात, कुठल्या कुठल्या गोष्टी टाळतेस त्यांची सोप्यापासून अवघडापर्यंत यादी करतात. आणि आठवण सांगून झाली की लगेच घरी पाठवत नाहीत, त्यावर बसून बोलतात, म्हणून तर सेशन बहुतेक वेळा ९० मिनिटांचं ठेवतात. आठ ते पंधरा सेशनचा हा कार्यक्रम असतो. तुझ्या बाबतीत काय झालं, तर पहिल्या पन्नास मिनिटांत सगळं सांगायला लावलं आणि वेळ संपली म्हणून उठवलं. पाय मोडलेल्या माणसाला एकाने नुसता धीर दिला आणि दुसऱ्याने न सांगता पाय ओढला, यावरून त्या माणसाने 'माझं हाड जुळणाऱ्यातलं नाही' असं ठरवलं तर तू काय म्हणशील त्याला?

म्हणून माझं उत्तर, हो, तिसरा शोध. पण या वेळी क्रम उलटा कर. आतापर्यंत तू जाऊन बसलीस आणि समोरच्याने विचारलं ते सांगत गेलीस. आता आधी तू विचारायचंस. तुझी हकीगत तुझ्याजवळ राहू दे, ती कोणाच्या हातात द्यायची ते समोरच्याची उत्तरं ऐकल्यावर ठरव.

आता काय विचारायचं हे समजायला दोन-तीन नावं माहीत हवीत, फार खोलात जात नाही. एक वर सांगितलं ते प्रोलाँग्ड एक्स्पोजर. दुसरं सीपीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, पॅट्रिशिया रेसिक यांनी सुरू केलेली, साधारण १२ सेशन. यात घटनेपेक्षा घटनेबद्दल आपण मनाशी जे ठरवून टाकलंय त्यावर काम होतं. 'मी त्या रात्री निघायलाच नको होतं', 'मी अर्धा सेकंद आधी स्टिअरिंग वळवलं असतं तर', असे जे विचार काट्यासारखे रुतलेले असतात ते एकेक कागदावर काढतात आणि तपासतात, घरी लिहायचा अभ्यास असतो. आणि यात अपघाताचं तपशीलवार वर्णन करणं सक्तीचं नाही, ते न करताही ही थेरपी होते. तुझं पत्र वाचून मला पहिल्यांदा हीच आठवली, कारण तुझ्या पत्रात भीतीपेक्षा अपराधी वाटणंच जास्त आहे. (मी काही थेरपिस्ट नाही, घरातल्या एका माणसासाठी हाच शोध करून झालाय आणि त्यात खूप वाचलंय, त्यामुळे माझं हे म्हणणं निदान म्हणून घेऊ नकोस, विचारायचा एक प्रश्न म्हणून घे.) तिसरं ईएमडीआर. फ्रान्सिन शपिरो यांना १९८७ मध्ये सुचलं, आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे डोळे फिरवायचे असं त्यात असतं. ऐकायला जादूटोण्यासारखं वाटतं, मलाही वाटलेलं, आणि डोळे फिरवण्याचा त्यात नेमका किती वाटा यावर संशोधकांचा वाद आहेच, पण एकूण उपचार म्हणून उपयोग होतो यावर पुरेसा पुरावा आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शनात ट्रॉमावर काम करणाऱ्या सीबीटीबरोबर (म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणाऱ्या थेरपीबरोबर) ईएमडीआरचंही नाव घेतलंय. त्यातही सगळं मोठ्याने सांगावं लागत नाही.

यातलं सगळ्यात चांगलं कुठलं असं विचारू नकोस, तुझ्या आसपास किंवा ऑनलाइन यातलं जे नीट शिकलेलं माणूस मिळेल ते चांगलं. 'नीट शिकलेलं' यावर जोर दे. कारण आजकाल बऱ्याच जणांच्या प्रोफाइलवर एन्झायटी, डिप्रेशन, रिलेशनशिप, करिअर, ट्रॉमा, मुलांचे प्रश्न, सगळं एका ओळीत असतं. 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड' हा शब्द दिसला म्हणून तर अजिबात हुरळून जाऊ नकोस, त्याचा अर्थ एवढाच की समोरच्याला ट्रॉमा असू शकतो याचं भान ठेवून वागू. चांगलीच गोष्ट आहे, पण भान ठेवणं वेगळं आणि उपचार करता येणं वेगळं.

मग फोनवर किंवा मेसेजवर काय म्हणशील? असं काहीतरी लिही, हवं तर जसंच्या तसं उचल: 'तीन वर्षांपूर्वी अपघात झाला, त्यात जवळची व्यक्ती गेली. पीटीएसडीची लक्षणं आहेत असं वाटतं. आधी दोन ठिकाणी गेले, उपयोग झाला नाही. तपशील आत्ता सांगायचे नाहीत. तुम्ही पीटीएसडीसाठी कुठली पद्धत वापरता, तिचं ट्रेनिंग कुठे घेतलंत, आणि अशा किती लोकांबरोबर काम केलंय? पहिल्या दोन-तीन भेटींत काय होतं?' एवढंच. आणि मग उत्तर कसं येतंय ते बघ. 'आम्ही सगळ्या पद्धती मिक्स करून वापरतो, तुम्ही या तर खरं' हे उत्तर नाही. 'मी सीपीटी करते, पहिल्या भेटीत माहिती घेते आणि एक प्रश्नावली भरून घेते, अपघाताबद्दल किती बोलायचं ते तुमच्यावर', हे उत्तर आहे. आणि कोणी प्रश्न विचारल्यावर चिडलं, किंवा 'तुमचा ट्रस्टचा इश्यू दिसतोय' म्हणालं, तर फोन ठेवून दे गं, वाईट वाटून घेऊ नकोस. बरेच थेरपिस्ट दहा-पंधरा मिनिटं फोनवर असं बोलतात, काही पैसे घेतात, काही घेत नाहीत. फी झेपणार नसेल तर तेही तिथेच विचारायचं, कमी फीच्या काही जागा राखून ठेवणारे असतात पण आपणहून सांगतातच असं नाही. शिकाऊ थेरपिस्ट जिथे सिनियरच्या देखरेखीखाली काम करतात तिथेही वाईट नसतं, उलट पद्धत पुस्तकाबरहुकूम पाळतात. पदवी आणि रजिस्ट्रेशनही बघ, कारण 'काउन्सेलर' किंवा 'थेरपिस्ट' अशी पाटी लावायला सगळीकडेच परवाना लागतो असं नाही.

प्रश्नावलीचा उल्लेख मी मुद्दाम केला. पीसीएल-५ नावाची २० प्रश्नांची एक साधी यादी असते, प्रत्येकाला ० ते ४ मार्क, मागच्या महिन्यात कशाने किती त्रास झाला ते लिहायचं. चांगला थेरपिस्ट ही किंवा अशीच दुसरी अधूनमधून भरून घेतो. याचा फायदा तुला कळेल, सहा महिने जाऊन 'काही फरक पडला का कोण जाणे' असं झालं ना पहिल्या वेळी, ते होत नाही. आकडा हलतोय की नाही ते दोघांनाही दिसतं आणि हलत नसेल तर बोलता येतं.

हे फोन तुला करवत नसतील तर नवऱ्याला करू दे. तो 'अजून एकदा बघू' म्हणतोय ना, मग त्याला नुसतं बघू न देता काम दे, पाच-सहा नावं काढायची, वरचा मेसेज पाठवायचा, उत्तरं एका कागदावर लिहायची. निवड मात्र तुझी. आमच्या घरी हेच झालं, ज्याला त्रास होता त्याने एकही फोन केला नाही, आम्ही तिघांनी मिळून अकरा ठिकाणी विचारलं आणि त्याच्यासमोर दोन नावं ठेवली. त्यातल्या एकाला त्याने आवाज आवडला नाही म्हणून नकार दिला. ठीक आहे, आवाज हेही कारण असू शकतं!

आता तुझा दुसरा प्रश्न, ज्याने स्वतः भोगलंय असाच हवा का. हे वाटणं मला कळतं. 'तुला काय कळणार' हे वाक्य तुझ्या ओठांवर सारखं असणार आणि समोरच्यालाही तसंच काही झालंय म्हटल्यावर ते गिळता येतं. पण थोडा विचार कर, थेरपिस्टने सांगितलं की माझ्याही गाडीत माणूस गेलंय, तर तू पुढे काय करशील? मला तुझ्या पत्रावरून वाटतं की तू त्याची काळजी करायला लागशील. आपलं बोलणं त्याला लागेल म्हणून शब्द तोलून बोलशील. मैत्रिणीच्या आईचा फोन तू उचलत नाहीस तेही मला वाटतं याच्याच जवळचं आहे, तुझ्या आवाजाने त्यांचं दुःख वाढेल म्हणून. समोरच्याने तेच भोगलं पाहिजे याची थेरपीत गरज नसते, ऐकून तो कोसळत नाही आणि पुढे काय करायचं ते त्याला माहिती आहे एवढं पुरतं. ज्यांनी तेच भोगलंय अशी माणसं हवीशी वाटत असतील, आणि वाटतीलच, तर त्यासाठी सपोर्ट ग्रुप असतात, तो वेगळा आधार आहे आणि थेरपीबरोबर चालतो. बाई हवी की पुरुष, कुठल्या भाषेत बोलायचं, समोरासमोर की व्हिडिओवर, या अटी मात्र बिनधास्त घाल. भाषेची तर घालच. त्या रात्री मनात जे शब्द आले ते ज्या भाषेतले असतील त्याच भाषेत ते बाहेर येतात, भाषांतर करत बसलं की माणूस बातमी वाचल्यासारखं सांगतं. आणि तुझ्या भागात कोणी नसेल तर व्हिडिओवरची थेरपी दुय्यम समजू नकोस, पीटीएसडीसाठी ती समोरासमोर बसण्याइतकीच उपयोगी पडते असं दिसलंय, फक्त दार लावता येईल अशी खोली हवी आणि अधे कोणी येणार नाही एवढं घरच्यांना सांगून ठेवायचं.

सुरू केलंस की तीन-चार सेशन दे. त्यात थोडा त्रास वाढू शकतो हे आधीच सांगते म्हणजे घाबरून सोडणार नाहीस, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं वर येणार तर जरा हलणारच. पण अवघड जाणं आणि बिघडणं यात फरक आहे. अवघड जातंय तेव्हा तुला माहीत असतं की हे का करतोय, तू थांब म्हणालीस की थांबतात, आणि दोन-तीन दिवसांत तू परत जागेवर येतेस. बिघडतंय तेव्हा दहा दिवस झोप नसते आणि ते सांगितल्यावर समोरून 'हे होणारच' एवढंच येतं. आणखी काही गोष्टी अशा की तिथून सरळ उठून यायचं: एका बैठकीत बरं करतो म्हणणारा, ट्रक ड्रायव्हरला माफ केल्याशिवाय सुटका नाही म्हणणारा, तू दाबलेल्या आणखी कुठल्या आठवणी असतीलच असं धरून त्या खोदायला निघालेला, स्वतःचीच गोष्ट सांगत बसणारा, आणि नकोसा स्पर्श किंवा सेशनबाहेरची जवळीक. या शेवटच्याला तर दुसरी संधीच नाही आणि जमलं तर तक्रारही कर.

कोणी हे वाचत असेल आणि त्यांचं असं एका रात्रीचं नसेल, लहानपणापासून वर्षानुवर्षं घरातच काही सोसलेलं असेल, तर त्यांच्यासाठी दोन वाक्यं. त्याला कॉम्प्लेक्स पीटीएसडी असं वेगळं नाव आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, ते आहे. तिथे बारा सेशनचं गणित लागेलच असं नाही, वेळ जास्त लागू शकतो, आणि थेरपिस्टला विचारताना हा शब्द वापरून विचारा.

औषधांचं तू विचारलं नाहीस पण 'गोळ्या नकोत म्हणून सायकियाट्रिस्टकडे गेले नाही' असं लिहिलंयस. गोळ्या घ्यायच्या की नाही ते तुझं आणि डॉक्टरांचं. मला एवढंच म्हणायचंय की दार आधीच बंद करू नको, सर्ट्रालिनसारख्या, डिप्रेशनवरही देतात त्या औषधांचा पीटीएसडीत काही जणांना चांगला उपयोग होतो, आणि झोपच नसेल तर थेरपी करायला लागणारी ताकद कुठून आणणार? फक्त कोणाकडून तरी मागून आणलेल्या झोपेच्या किंवा 'शांत करणाऱ्या' गोळ्या नकोत. त्यातल्या बेन्झोडायझेपिन प्रकारच्या गोळ्या पीटीएसडीसाठी सहसा सुचवत नाहीत, सवय लागते. आणि आधीपासून घेत असशील तर मनाने एकदम बंदही करायच्या नाहीत.

थेरपिस्ट मिळेपर्यंत स्वतःच स्वतःचा एक्स्पोजर करायला जाऊ नकोस, म्हणजे चिडून एक दिवस स्टिअरिंगवर बसायचं वगैरे. नवऱ्यालाही सांग, 'एकदा बस तर खरं पुढे, जाईल भीती' हे नको. ब्रेकच्या आवाजाने थिजलीस की डोळे उघडे ठेवून आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घे, पाय जमिनीवर दाबून बघ, आजची तारीख मोठ्याने म्हण. याने आजार जात नाही, तो क्षण जातो.

आणि ती दोन महिन्यांवरची तारीख. ती तू अगदी शेवटी, जाताजाता लिहिल्यासारखी लिहिलीस, पण मला वाटतं पत्र तिच्यामुळेच लिहिलंस. वार्षिक तारखेच्या आसपास त्रास उसळतो हे थेरपिस्ट लोकांना चांगलं माहीत असतं, म्हणून पहिल्याच फोनमध्ये सांग की अमुक आठवडा माझ्यासाठी अवघड आहे. म्हणजे आठवणीवरचं जड काम त्या आठवड्यातच सुरू करायचं नाही, पण भेट मात्र त्या आठवड्यात ठेवायची, असं दोघांना मिळून ठरवता येईल. दोन महिन्यांत कोणी मिळालं नाही तरी त्या दिवशी तू कुठे असशील, सोबत कोण असेल, ऑफिसला जायचं की नाही, हे आत्ताच नवऱ्याशी बोलून ठेव. आणि त्या दिवशी मैत्रिणीच्या आईचा फोन आलाच तर उचलायला हवाच असं नाही, दोन ओळींचा मेसेज आधीच लिहून ठेवलास तरी चालेल.